पहिली सही

देवस्थळी सर टाळ्या वाजवत नसत. कॉलेजात कार्यक्रम कुठलाही असो, पाहुणे कितीही मोठे असोत, सगळं सभागृह दणाणत असताना सर पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसलेले असत. एकदा एका पाहुण्यांनी भाषण संपवून खाली उतरताना हसत हसत विचारलंही, "काय सर, आवडलं नाही वाटतं?" सर म्हणाले, "अर्धं आवडलं. पण अर्ध्या टाळ्या वाजवता येत नाहीत." पाहुणे हसले. प्राचार्य हसले नाहीत. आणि मागच्या बाकांवरची आम्ही मुलं त्या एका वाक्यावर आठवडाभर जगलो.

पनवेलच्या आमच्या कॉलेजात सर इंग्रजी शिकवायचे. उंच, चालताना जरा पोक काढणारे, कानांवरचे केस पिकलेले, खांद्याला खादीची पिशवी. आवाज इतका हळू की पंखा बंद करावा लागे. एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद करून साठ मुलं मान पुसत एका माणसाचं ऐकत बसायची, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मी त्या साठातली एक. कामोठ्याच्या सेक्टरमधली, वडील गेलेले, आई एका दवाखान्यात रिसेप्शनवर. मार्क बरे होते, आणि बँकेची परीक्षा द्यायची एवढंच ठरलेलं होतं.

तिसऱ्या वर्षाला अमेरिकन साहित्याचा पेपर होता. त्यात तिकडच्या एका जुन्या विचारपंथाचं प्रकरण होतं. मराठीत त्याला अतींद्रियवाद म्हणतात. गाइडमध्ये त्याचे सात मुद्दे दिलेले होते आणि ते पाठ करून दहा मार्क मिळत. सर वर्गात आले, फळ्यावर तो शब्द लिहिला आणि लगेच पुसून टाकला.

"एवढा मोठा शब्द बघून घाबरू नका," ते म्हणाले. "त्या लोकांचं म्हणणं साधं होतं. देव म्हणा, सत्य म्हणा, तुमच्यापर्यंत यायला त्याला मध्ये दलाल लागत नाही. पनवेलमध्ये जमिनीच्या व्यवहाराला लागतो. याला लागत नाही."

वर्ग खदखदून हसला. आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी जमिनी विकलेल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यावर बांधलेले फ्लॅट घेतलेले होते.

"ते तुमच्या आत आहे," सर पुढे म्हणाले, "आणि बाहेर झाडात, पाण्यात, पाखरात तेच आहे. म्हणून माणूस झाडाखाली एकटा बसला की त्याला आतलं ऐकू येतं. आणि आतलं एकदा ऐकू आलं, की बाकीचे काय म्हणतात ते नंतर." मग त्यांनी सांगितलं, की ही माणसं आपली उपनिषदं भाषांतरात वाचत होती, त्यांच्यातला एक तर तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी झोपडी बांधून राहिला, एकटा. "आपल्याकडे ती पुस्तकं लाल फडक्यात बांधून ठेवलेली, आणि तिकडे ती वाचून माणसं नोकऱ्या सोडत होती."

सरांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. उत्तर कितीही बरोबर असलं तरी ते मान वर करून विचारत, "हे कोणाचं?" गाइडमधलं आहे म्हटलं की "बरं" म्हणून पुढच्याकडे वळत. रागावत नसत. पण त्या "बरं"ची भीती वाटायची. वर्षभरात तीन-चार वेळाच कुणीतरी चाचरत म्हणालं असेल, "माझंच आहे, सर." त्यावर सर उत्तर बरोबर की चूक हे सांगतच नसत. ते फक्त खडू खाली ठेवत आणि त्या मुलाकडे बघत राहत. आम्हाला ते पदक मिळाल्यासारखं वाटायचं.

कॉलेजच्या मागे एक तळं होतं. फार मोठं नाही. एका बाजूला करंजाची रांग, दुसऱ्या बाजूला एक जुना उंबर आणि दोन पांगारे, मध्ये पाणवनस्पती. ते शेजारच्या गावाचं तळं, पूर्वी तिथे माणसं गुरं धुवायची. गाव आता चारमजली झालं होतं आणि तळ्याकडे पाठ करून उभं होतं. सर वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला काठावरची एक जागा निवडायला लावत. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, तिथे एकट्याने बसायचं. मोबाइल सरांच्या खादीच्या पिशवीत जमा. बोलायचं नाही. नंतर वहीत फक्त जे दिसलं ते लिहायचं, आणि त्यात एक तरी ओळ अशी पाहिजे की जी दुसऱ्या कुणी लिहिली नसती. त्या वह्या सर जपून ठेवत. वर्षानुवर्षांच्या मुलांच्या वह्या स्टाफरूममागच्या लाकडी कपाटात दाटीने उभ्या होत्या.

पाखरांची नावं आम्हाला सांगायचे हरीभाऊ. हे कॉलेजचे शिपाई, त्याच गावचे. वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत. त्यांच्या घरची म्हैस अजून त्या तळ्यावर यायची. "तो खंड्या हाय. आनि ती पानकोंबरी. तिला बघायचा असेल तर हलू नका," असं म्हणून ते स्वतःच मोठ्याने हसायचे आणि पाणकोंबडी उडून जायची. सर वहीत नाव लिहून घ्यायचे आणि बाजूला कंसात 'हरीभाऊ' असं लिहायचे. ते मी पाहिलं होतं. मला तेव्हा वाटलं होतं, प्रामाणिकपणा म्हणजे आणखी काय असतं.

मी सरांच्या नजरेत आले ती चिरनेरच्या सहलीत. उरणकडे जाताना लागणारं ते गाव. स्वातंत्र्याआधी तिथल्या माणसांनी जंगलाचा कायदा मोडला होता आणि त्यांच्यावर गोळीबार झाला होता. सर आम्हाला एसटीने तिथे घेऊन गेले. स्मारकाजवळ बसवून म्हणाले, "या माणसांनी आपला अमेरिकन पेपर वाचलेला नव्हता. पण अन्यायाचा कायदा एकट्याने मोडायचा असतो आणि निसर्ग आपलाच असतो, हे दोन्ही त्यांना कळत होतं."

मी हात वर केला. का केला ते आजही कळत नाही. म्हणाले, "सर, पण ते कुऱ्हाडी घेऊन गेले होते ना? झाडं तोडायला? आणि एकटा कुणीच नव्हता. सगळं गाव गेलं होतं."

सरांनी पिशवी खांद्याला लावली. परतीच्या एसटीत एक शब्द बोलले नाहीत. मुली मला कोपर मारून म्हणाल्या, गेलीस तू आता. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात येऊन हजेरी घेतली, पंखा बंद केला आणि म्हणाले, "सुजाता बरोबर होती. मी काल जे बोललो ते मला सोयीचं होतं म्हणून बोललो. ते मागे घेतो." मग जरा थांबून म्हणाले, "माणसाला आपलं कालचं बोलणं मागे घेता आलं पाहिजे. कालच्या स्वतःचा गुलाम झालेला माणूस विचार करत नाही, फक्त आपली अब्रू राखत बसतो."

ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. शिक्षक सगळ्या वर्गासमोर विद्यार्थिनीला "तू बरोबर होतीस" म्हणतो, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बँकेची पूर्वपरीक्षा मी पास झाले. मुख्य परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, त्या आठवड्यात सर एका संध्याकाळी आमच्या घरी आले. आई दवाखान्यातून नुकतीच आली होती. तिने घाईघाईने पोहे टाकले. सर आमच्या दिवाणावर अवघडून बसले आणि म्हणाले, "वहिनी, हिला एमए करू द्या. बँकेत बसायला हजार मुली मिळतील. हिच्यात हिचं असं काहीतरी आहे."

आई म्हणाली, "सर, आमच्याकडे पगार एकच आहे हो."

"मी आहे ना," सर म्हणाले. "ही शिकली की आमच्याच कॉलेजात घेऊ. माझा शब्द."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलंच नाही. मी सरांकडे बघत होते. तो फॉर्म मी भरला नाही.

सरांनी शब्द पाळला, निदान अर्धा. एमए झाल्यावर मला कॉलेजात तासिका तत्त्वावर घेतलं. म्हणजे जितके तास शिकवाल तितके पैसे, सुट्टीत काही नाही, दर वर्षी नव्याने पत्र. कायमची जागा पुढच्या वर्षी निघेल असं चार वर्षं ऐकत होते. पण मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. सरांनी निसर्ग मंडळ काढलं होतं, ते अध्यक्ष आणि मी सचिव. नव्या मुलांना तळ्याकाठी बसवायचं काम आता माझ्याकडे होतं. सर उंबराखाली बसायचे, मी पांगाऱ्याखाली. मध्ये पाणी. मला वाटायचं, आयुष्य असंच गेलं तर काय हरकत आहे?

मग विमानतळाची हवा आली. रस्ते रुंद झाले, पनवेलच्या चारी बाजूंना क्रेन दिसू लागल्या, आणि संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं की कॉलेजलाही नवी इमारत पाहिजे. जागा एकच मोकळी होती, तळ्याची. परवानगीसाठी सरकारी कचेरीने एक साधा प्रश्न विचारला: तिथे बारमाही पाणी आहे, की तो पावसाळी खड्डा आहे? पाणी बारमाही असेल तर बांधता येणार नव्हतं. उत्तर कॉलेजच्या निसर्ग मंडळाने द्यायचं होतं.

सरांनी मला तळ्यावर बोलावलं. एप्रिल संपत आला होता, पाणी आटून मध्यभागी आलं होतं, पण होतं. सर म्हणाले, "काय लिहिणार?"

"जे आहे ते."

"मग लिही. सगळ्या वह्या काढ. इतक्या वर्षांच्या मुलांनी मे महिन्यात काय पाहिलं ते तारखांसकट लिही. पहिली सही माझी."

मी पंधरा दिवस त्या कपाटासमोर बसून होते. कुणी लिहिलं होतं, मे महिना, बगळे सात. कुणी लिहिलं होतं, परीक्षा संपली, पाण्यात माझं तोंड दिसलं. मी सगळं जुळवून अकरा पानांचा अहवाल केला. सरांनी तो उंबराखाली बसून एका बैठकीत वाचला, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले, आणि कागद मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे तुझं आहे."

मी तेवढ्यावर रडले. सर पाण्याकडे बघू लागले.

सोमवार शेवटची तारीख होती. त्या सकाळी सरांचा फोन आला. अंगात कणकण आहे, येता येत नाही. "तू तुझी सही करून दे पुढे. माझी मी उद्या कचेरीत जाऊन करतो." मी सचिव म्हणून सही केली, अध्यक्ष म्हणून सरांच्या सहीची जागा मोकळी ठेवली, आणि अहवाल कचेरीत देऊन पोच घेतली.

गुरुवारी मला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. आत प्राचार्य होते, संस्थेचे अध्यक्ष होते, आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर देवस्थळी सर होते. त्यांना बघून मला धीर आला. ते मी अजून विसरलेले नाही. मला धीर आला होता.

संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात माझ्या अकरा पानांची प्रत होती. ते रागावलेले दिसत नव्हते. "सर, तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "हा मंडळाचा अहवाल आहे का?"

सर खिडकीबाहेर बघत होते. नेहमीच्याच हळू आवाजात ते म्हणाले, "हा सुजाताचा वैयक्तिक अहवाल आहे. मंडळाची बैठक झालेली नाही."

मी म्हणाले, "सर?"

त्यांनी मान वळवली नाही. प्राचार्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. मंडळाच्या लेटरहेडवर चार ओळी टाइप केलेल्या होत्या. सदर जागेत पाणी फक्त पावसाळ्यात साचते, अन्य काळात जागा कोरडी असते. खाली सरांची सही. लांबट, उजवीकडे उतरत जाणारी, माझ्या सगळ्या वह्यांच्या तळाशी असायची तीच. तारीख सोमवारची. ज्या सोमवारी सरांच्या अंगात कणकण होती.

"मॅडम तरुण आहेत," अध्यक्ष म्हणाले, "उत्साहात होतं असं. आम्ही समजून घेऊ." त्यांनी खरोखरच समजून घेतलं. जूनमध्ये मला पत्र आलं नाही, एवढंच. माझे तास दुसऱ्या एकीला गेले. कायमची जागा त्याच वर्षी निघाली आणि भरली गेली. देवस्थळी सर त्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. संस्थेने त्यांना नव्या इमारतीत होणाऱ्या निसर्ग आणि साहित्य अभ्यास केंद्राचं मानद संचालक केलं.

मी पुष्कळ दिवस काहीतरी कारण शोधत होते. त्यांना धमकावलं असेल. घरी काही अडचण असेल. आई एकदाच म्हणाली, "जाऊन विचार तरी. मनात ठेवून कुढतेस कशाला?" म्हणून मी गेले.

दुपारची वेळ होती. जुन्या पनवेलमधलं त्यांचं घर पहिल्या मजल्यावर. सरांनीच दार उघडलं आणि "ये, ये" म्हणाले, जसं काही मी निबंध दाखवायला आले होते. स्वतः आत जाऊन पाणी आणलं. खोलीभर पुस्तकं काढून ठेवलेली होती, नव्या केंद्रासाठी ते निवड करत होते.

मी म्हणाले, "सर, तुमच्यावर कुणी दबाव आणला का?"

"छे," सर म्हणाले. "कुणी दबाव आणला नाही."

"मग?"

ते पुस्तकावरची धूळ पुसत राहिले. "मी विचार केला. तळं आज ना उद्या जाणारच होतं. आपल्या अहवालाने वर्षभर लांबलं असतं. त्यापेक्षा तिथे एक केंद्र होतंय, शंभर मुलं निसर्गाबद्दल वाचतील. मला आतून तसं वाटलं."

"पण तुम्ही मला लिहायला सांगितलंत. पहिली सही तुमची म्हणालात."

"म्हणालो होतो. तेव्हा तसं वाटत होतं." त्यांनी मान वर केली. डोळे अगदी शांत होते. "कालच्या माझ्याशी मी आज स्वतःला का बांधून घ्यावं, सुजाता? हे तुला मी तिसऱ्या वर्षातच शिकवलं होतं."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

"आणि खरं सांगू का," सर पुढे म्हणाले, अगदी मायेने म्हणाले, "तुला माझ्या सहीची गरज का वाटावी? तू खरं लिहिलंस, तुझ्या बळावर लिहिलंस. एकटीने उभी राहिलीस. मी तर म्हणेन, मी बाजूला झालो म्हणून तू पूर्ण तुझी झालीस."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी विचारलं, "हे कोणाचं, सर?"

त्यांना प्रश्न कळला. हातातलं फडकं थांबलं. खाली रस्त्यावर रिक्षावाले भाड्यासाठी कचाकचा भांडत होते. मग सर म्हणाले, "माझंच."

मी उठले आणि जिना उतरून आले. कामोठ्याच्या रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की सरांनी आम्हाला जे जे शिकवलं त्यात माणूस नेहमी एकटाच होता. झाडाखाली एकटा, तळ्याकाठी एकटा, जगाविरुद्ध एकटा. आपल्या भरवशावर कुणीतरी शेजारी येऊन उभं राहतं, त्याचं काय करायचं, हा धडा कधी आलाच नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. चिरनेरला जे तोंडातून निघून गेलं होतं, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

तळं मुरूम टाकून बुजवलं तेव्हा मी गेले नाही. हरीभाऊ आले माझ्याकडे, महिन्याभराने. स्कूटरवर पायांपाशी एक पोतं. ते वर आणून त्यांनी माझ्या दारात टेकवलं आणि घाम पुसला.

"कपाट रिकामा करायला सांगितला, मॅडम. रद्दीवाला बोलावलेला. मी बोललो, ह्या पोरांच्या वह्या हायत, मी नेतो."

आईने त्यांना सरबत दिलं. ते भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "सरांनी मला पन बोलावला व्हता. त्या कागदावर साक्षीदार म्हनून सही कर बोलले. गावचा मानूस पायजे. मी बोललो, सर, मे मयन्यात माजी म्हैस त्या तल्यात डुंबते. मी कसा लिहू का पानी नाय?"

"मग काय म्हणाले सर?"

"काय नाय. हसले. बोलले, बरं."

ते "बरं" मला ऐकू आलं. हरीभाऊंना त्यानंतर मागच्या गेटवर टाकलं होतं, दिवसभर उन्हात. ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. सरबत संपवून म्हणाले, "तुमच्याबरोबर सही करायला पायजे व्हती मी. मला कोनी सांगितला नाय का तुमी एकल्याच हाव." आणि ते खरंच ओशाळलेले दिसले. ज्याने काहीच केलं नव्हतं, तो माणूस माझ्या दारात ओशाळून बसला होता.

पोत्यात तळाशी एक वही निराळी होती. काळ्या पुठ्ठ्याची. अक्षर सरांचं. उंबराखाली बसून तेही लिहीत असत, हे मला माहीत होतं, पण त्यांनी ती कधी कुणाला दाखवली नव्हती. मी शेवटचं लिहिलेलं पान काढलं. तो सोमवार. सकाळ. त्यांनी लिहिलं होतं: पाणी गुडघ्याच्या वर. खंड्या दोनदा. पाणकोंबडीची तीन पिल्लं, पहिल्यांदा बाहेर. आज तळं इतकं सुंदर आहे की कुणाला सांगू नये असं वाटतं.

त्या सकाळी ते तिथे गेले होते. मला फोन करण्याआधी की नंतर, कोण जाणे. त्यांनी पाणी पाहिलं, पिल्लं पाहिली, खरं ते लिहिलं, वही मिटली, आणि मग जाऊन दुसऱ्या कागदावर सही केली. ती ओळ त्यांचीच होती, दुसऱ्या कुणी लिहिली नसती. मी तो सगळा दिवस ती वही हातात घेऊन बसले होते. चूल असती तर चुलीत घातली असती. गॅसवर वही जाळता येत नाही. शेवटी पोत्यात परत टाकली.

त्यानंतर मी कामोठ्यातच क्लास काढला. दहावी-बारावीचं इंग्रजी. दोन खोल्या, खाली मेडिकलचं दुकान. मुलं नोट्स मागतात, मी देते. नव्या इमारतीसमोरून रिक्षा गेली तर मी मोबाइल काढून बघत बसते. सरांची वर्तमानपत्रात कधीमधी मुलाखत यायची. आईला ते नाव दिसलं की ती पान उलटून ठेवायची. त्यांच्याबद्दल वाईट शब्द मात्र तिने कधी काढला नाही. "आपल्या घरी पोहे खाल्लेत त्यांनी," एवढंच म्हणायची.

आई गेल्या माघात गेली. चार दिवस दवाखान्यात होती, पाचव्या दिवशी पहाटे गेली. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. दवाखान्यातल्या बायका, सोसायटीतले लोक, माझे विद्यार्थी आणि त्यांचे पालक. हॉलमध्ये सतरंजी टाकलेली. दुपारी कधीतरी मान वर केली तर दारात देवस्थळी सर उभे होते.

ते फार वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. कुणीतरी खुर्ची पुढे केली, त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि भिंतीशी, पुरुषांच्या रांगेत, सतरंजीवर बसले. बसायला त्यांना वेळ लागला. माझ्या मावशीने त्यांना ओळखलं नाही. तिने शेजारच्या बाईला विचारलं, "कोण हे?" ती म्हणाली, "हिचे सर असतील कुणी."

सर तासभर बसले. लोक येत होते, आईबद्दल काही बोलत होते, डोळे पुसत होते, जात होते. सर आईच्या फोटोकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, की पाहिलं आणि मला कळलं नाही. मला वाटत होतं, आता बोलतील. मग वाटलं, लोकांसमोर नाही बोलणार, निघताना बोलतील. मग मला माझाच राग आला, की अजून मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले आहे. आई जाऊन तीन दिवस झालेत आणि मी या माणसाच्या एका शब्दाची वाट बघते आहे.

ते उठले तेव्हा मीही उठले. सुतकाच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत. ते काही न बोलता दाराबाहेर गेले. बाहेर पंचवीस-तीस जणांच्या चपलांचा ढीग पडलेला होता. सर त्या ढिगासमोर उभे राहून बघत होते. एक पाय पुढे करायचे, मागे घ्यायचे. त्यांना आपल्या चपला ओळखू येत नव्हत्या.

"कशा आहेत?" मी विचारलं.

"तपकिरी," ते म्हणाले.

तिथे दहा जोड तपकिरी होते. मी वाकले आणि एकेक बाजूला करत गेले. "या?" "नाही." "या?" "या नाहीत." चौथा जोड त्यांचा निघाला, अंगठा तुटायला आलेला. मी तो त्यांच्या पायांपुढे सरळ करून ठेवला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकून एक पाय घातला, मग दुसरा. हाताला अजिबात वजन नव्हतं. दुसरा पाय घालून झाल्यावरही हात तसाच राहिला. मी उभी राहिले. जिन्यात आम्ही दोघंच होतो.

सरांनी ओठ ओले केले. म्हणाले, "लिफ्ट चालू आहे ना?"

"आहे, सर," मी म्हणाले, आणि बटण दाबलं.